जर्मन विम्यातील अ‍ॅक्युपंक्चर : २००६ च्या निर्णयाची पार्श्वभूमी

जर्मनीत जुनाट कंबरदुखी किंवा गुडघ्याची झीज असलेल्या रुग्णाला डॉक्टरने सुया टोचल्या, तर त्याचा खर्च सार्वजनिक आरोग्य विमा उचलतो. त्याच रुग्णाने मायग्रेनसाठी त्याच सुया टोचून घेतल्या, तर साधारणपणे पैसे त्याला स्वतःच भरावे लागतात. ही विभागणी कोणत्याही चिनी ग्रंथात नाही आणि आधुनिक शरीरशास्त्रातूनही ती निघत नाही. ती एप्रिल २००६ मध्ये झालेल्या एका प्रशासकीय निर्णयातून आली आहे. पाश्चात्त्य रुग्णालयांतील चिनी वैद्यकाविषयीचे लेखन बहुधा दोन हजार वर्षांच्या परंपरेपासून सुरू होते. परंतु आज रुग्णाच्या पदरात प्रत्यक्ष काय पडते, हे ठरवणारा काळ फार तर गेल्या पन्नास वर्षांचा आहे.

जुना भाग थोडक्यात सांगता येतो. जपानमधील नागासाकीजवळच्या डच वखारीतल्या एका वैद्याने सतराव्या शतकात सुयांच्या उपचाराचे वर्णन लॅटिनमध्ये लिहिले आणि ते १६८३ मध्ये लंडनला छापले गेले. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशात पॅरिसच्या रुग्णालयांत सुयांची लाट येऊन ओसरली. त्या वेळच्या फ्रेंच डॉक्टरांनी चिनी सिद्धान्त जवळजवळ पूर्णपणे वगळून, दुखते तिथे सुई अशा पद्धतीने काम केले होते, ही गोष्ट पुढील घडामोडींच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी आहे. खुद्द चीनमध्ये १८२२ च्या बादशाही आदेशाने दरबारी वैद्यक संस्थेतील अ‍ॅक्युपंक्चरचा विभाग बंद झाला आणि १९२९ मध्ये प्रजासत्ताक सरकारपुढे पारंपरिक वैद्यकच संपवण्याचा प्रस्ताव आला, जो वैद्यांच्या विरोधामुळे अमलात आला नाही. आज ज्याला पारंपरिक चिनी वैद्यक म्हणून ओळखले जाते, त्याची अभ्यासक्रमबद्ध मांडणी मुख्यतः १९५० च्या दशकातील आहे. १९५६ मध्ये बीजिंग, शांघाय, ग्वांगझू आणि चेंगडू येथे त्याची महाविद्यालये सुरू झाली. म्हणजे पाश्चात्त्य रुग्णालयांनी ज्या परंपरेला दार उघडले, ती त्याआधीच आधुनिक राज्यसंस्थेच्या हातून निवडून, नीटनेटकी करून घेतलेली परंपरा होती.

१९७१ च्या जुलैमध्ये एका अमेरिकी पत्रकाराची बीजिंगमध्ये अ‍ॅपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाली आणि त्याने त्यावर लिहिलेल्या मजकुरामुळे पश्चिमेत कुतूहलाचा भडका उडाला. शस्त्रक्रिया नेहमीच्या औषधी भुलीखालीच झाली होती आणि सुया नंतरच्या पोटाच्या तक्रारीसाठी टोचल्या होत्या, तरी ‘सुयांच्या भुलीवर पोट कापले’ अशी आख्यायिका अजूनही आवर्जून सांगितली जाते. जर्मनीत मात्र पाया आधीच घातला गेला होता. तेथे डॉक्टरांची अ‍ॅक्युपंक्चर संघटना १९५१ पासून काम करत होती आणि १९९१ मध्ये बव्हेरियातील क्योट्झटिंग या छोट्या गावात बीजिंगच्या चिनी वैद्यक विद्यापीठाच्या सहकार्याने चिनी वैद्यकाचे आंतररुग्ण रुग्णालय सुरू झाले.

याच सुमारास सुई आणि काढा यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. १९९० च्या दशकाच्या आरंभी बेल्जियममधील वजन कमी करण्याच्या उपचारात एका चिनी वनस्पतीच्या जागी, चिनी नावाने तिच्याशी साधर्म्य असलेली, अ‍ॅरिस्टोलोकिया कुळातील विषारी वनस्पती वापरली गेली. शंभराहून अधिक स्त्रियांची मूत्रपिंडे त्यामुळे बाधित झाली आणि पुढे त्यांतील अनेकींना मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. त्यानंतर युरोपीय रुग्णालयांच्या औषधभांडारात चिनी वनौषधींना जागा मिळणे कठीण झाले. पुढे २००४ च्या युरोपीय निर्देशाने पारंपरिक वनौषधींच्या सुलभ नोंदणीसाठी तीस वर्षांच्या वापराची आणि त्यातही साधारणपणे पंधरा वर्षे युरोपीय संघातील वापराची अट घातली, जी बहुतेक चिनी मिश्रणांना पूर्ण करता येण्यासारखी नव्हती. एकत्रीकरण या शब्दाखाली जे घडले, ते व्यवहारात सुयांपुरतेच घडले; आणि एकाच वैद्यकाचे दोन हात असे वेगळे करताना त्या वैद्यकाच्या जाणकारांना कोणी फारसे विचारले, असे दिसत नाही.

जर्मनीत सुयांना बळ मिळाले ते सार्वजनिक विमा चालवणाऱ्या निधींच्या स्पर्धेमुळे. १९९६ पासून विमाधारकांना आपला निधी निवडण्याची मुभा मिळाली आणि सभासद टिकवण्यासाठी अनेक निधी अ‍ॅक्युपंक्चरचा खर्च सौजन्य म्हणून देऊ लागले. पुराव्याविना पैसा जात आहे, हे लक्षात आल्यावर ऑक्टोबर २००० मध्ये, विम्याने कोणते उपचार द्यायचे हे ठरवणाऱ्या केंद्रीय समितीने असा निर्णय दिला की, जुनाट डोकेदुखी, जुनाट कंबरदुखी आणि सांध्यांच्या झिजेची वेदना या तीनच तक्रारींसाठी आणि तेही संशोधनाशी जोडलेल्या पथदर्शी प्रकल्पातच पैसे द्यावेत. त्यातून अ‍ॅक्युपंक्चरच्या इतिहासातील सर्वांत मोठ्या चाचण्यांची मालिका उभी राहिली.

कंबरदुखीच्या चाचणीत ११६२ रुग्ण होते आणि त्यांचे दुखणे सरासरी आठ वर्षांचे होते. एका गटाला चिनी पद्धतीने नेमक्या बिंदूंवर खोल सुया, दुसऱ्याला बिंदू टाळून फक्त एक ते तीन मिलिमीटर खोल आणि न फिरवता टोचलेल्या सुया, म्हणजे तुलनेसाठीचे नकली किंवा शॅम अ‍ॅक्युपंक्चर, तर तिसऱ्याला औषधे, व्यायाम आणि फिजिओथेरपी असे नेहमीचे उपचार मिळाले. सहा महिन्यांनी पहिल्या गटातील ४७.६ टक्के, दुसऱ्यातील ४४.२ टक्के आणि तिसऱ्यातील २७.४ टक्के रुग्णांना ठरवलेल्या निकषाइतका आराम पडला होता. गुडघ्याच्या १००७ रुग्णांच्या चाचणीतही चित्र तेच होते : ५३.१, ५१.० आणि २९.१ टक्के. मायग्रेनमध्ये खऱ्या सुयांनी ४७, शॅमने ३९ आणि रोजच्या प्रतिबंधक गोळ्यांनी ४० टक्के रुग्णांना फायदा झाला आणि हा फरक संख्याशास्त्रीय कसोटीवर टिकला नाही.

या आकड्यांतून दोन परस्परविरोधी वाक्ये तितक्याच प्रामाणिकपणे काढता येतात. खऱ्या आणि शॅम सुयांत फरक नसेल, तर बिंदू, मार्ग आणि त्यांतून वाहणारी प्राणशक्ती ‘ची’ यांचा सिद्धान्त निराधार ठरतो आणि उपचार प्लासिबोच्या, म्हणजे केवळ उपचार झाल्याच्या विश्वासाने जाणवणाऱ्या आरामाच्या, पलीकडे जात नाही. उलट, दोन्ही प्रकारच्या सुया नेहमीच्या उपचारांपेक्षा दीडपटीहून अधिक रुग्णांना आराम देत असतील, तर वर्षानुवर्षे कण्हणाऱ्या माणसाला त्या नाकारण्याचे कारण काय? समितीने दुसरा प्रश्न हाती घेतला. तिच्यापुढील कसोटी उपलब्ध उपचारांशी तुलना अशी होती. सिद्धान्त खरा की खोटा हे ठरवणे तिच्या अखत्यारीत नव्हते. म्हणून कंबर आणि गुडघा यांना विम्याचे संरक्षण मिळाले, तर डोकेदुखीत गोळ्यांवर मात झाली नाही म्हणून तिला ते नाकारले गेले.

टीका दोन्ही बाजूंनी झाली आणि तिच्यात तथ्य होते. आठ वर्षे ज्या उपचारांनी गुण आला नाही, तेच पुन्हा घ्या, असे सांगितलेल्या गटाकडून उत्साहाची अपेक्षा कशी धरायची? त्यांना आपल्याला सुया मिळाल्या नाहीत, हे ठाऊक होते आणि ती निराशा आकड्यांत उतरली असणारच. शॅमविषयीही प्रश्न उरतो, कारण वरवर टोचलेली सुई ही साखरेच्या गोळीसारखी निष्क्रिय असते, असे गृहीत धरता येत नाही. पण मला सर्वांत कच्चा दुवा मायग्रेनचा वाटतो. महिनोन्‌महिने रोज गोळी घेऊन जो परिणाम मिळतो, तोच सुयांच्या काही सत्रांनी मिळत असेल आणि त्या गोळ्यांचे दुष्परिणाम टळत असतील, तर ‘श्रेष्ठ नाही’ एवढे म्हणून विषय संपत नाही. बरोबरीत सुटलेल्या उपचाराला गुडघ्याच्या बाबतीत लावलेली व्यवहारी दृष्टी इथे लावली गेली नाही.

१ जानेवारी २००७ पासून नियम लागू झाला, तो अटींसह : दुखणे किमान सहा महिन्यांचे असावे, सत्रे साधारणपणे दहा आणि अपवादात्मक प्रसंगी पंधरा असावीत, आणि सुया टोचणाऱ्या डॉक्टरकडे अ‍ॅक्युपंक्चरची अतिरिक्त पात्रता तसेच वेदनाचिकित्सा व मनोकायिक उपचारांचे प्रशिक्षण असावे. तेथे डॉक्टर नसलेल्या परवानाधारक उपचारकांनाही सुया टोचण्याची मुभा आहे, परंतु सार्वजनिक विम्याच्या चौकटीबाहेर. महाराष्ट्राने अ‍ॅक्युपंक्चरला स्वतंत्र उपचारपद्धती मानून त्यासाठी वेगळा कायदा आणि परिषद निर्माण केली. जर्मनीने ते डॉक्टरच्या पदवीला जोडलेले एक कौशल्य मानले.

इतर देशांनी बऱ्याच अंशी हाच पुरावा हाताळून वेगळे निष्कर्ष काढले. इंग्लंडमधील मार्गदर्शक सूचनांनी २००९ मध्ये कंबरदुखीसाठी दहा सत्रांपर्यंत अ‍ॅक्युपंक्चर सुचवले, २०१६ मध्ये शॅमपेक्षा अर्थपूर्ण फरक नाही म्हणून ते काढून टाकले आणि २०२१ मध्ये ठोस कारण न सापडणाऱ्या जुनाट वेदनेसाठी पुन्हा सुचवले. अमेरिकेत सुया १९९६ पर्यंत प्रायोगिक उपकरण मानल्या जात होत्या. पुढे ओपिऑइड, म्हणजे अफूवर्गीय वेदनाशामक, गोळ्यांच्या व्यसनाचे संकट उग्र झाल्यावर वेदनेवरील औषधाविना उपचारांना तेथे मागणी आली आणि जानेवारी २०२० मध्ये ज्येष्ठांच्या सरकारी विम्याने जुनाट कंबरदुखीसाठी नव्वद दिवसांत बारा आणि गुण आल्यास वर्षाला एकूण वीस सत्रे मान्य केली. गुडघा मात्र त्यात नाही. शिवाय केवळ अ‍ॅक्युपंक्चरचा परवाना असलेल्या उपचारकाला त्या विम्याकडे थेट बिल पाठवता येत नाही; सुया त्याच्या हातच्या असल्या, तरी देखरेख आणि बिल डॉक्टरच्या किंवा तत्सम मान्य व्यावसायिकाच्या नावे असावे लागते.