तिसरी टिक कुठून आली?

"व्हॉट्सअ‍ॅपवर तीन निळ्या टिक दिसल्या तर सरकारने मेसेज वाचला, दोन निळ्या, एक लाल म्हणजे कारवाई होणार." निवडणूक जवळ आली की इंदुरात रामबाग, लोकमान्य नगरकडच्या आपल्या ग्रुपांवर हा मेसेज हटकून फिरतो.

मुळात या अ‍ॅपमध्ये तिसरी टिकच नाही. एक करडी टिक म्हणजे मेसेज गेला, दोन करड्या म्हणजे समोरच्या फोनवर पोचला, दोन निळ्या म्हणजे वाचला. ग्रुपमध्ये सगळ्यांनी वाचल्यावरच त्या निळ्या होतात. स्वतःचाच मेसेज दाबून धरा, 'इन्फो' उघडा. कोणाला पोचला, कोणी वाचला ते दिसेल. त्या यादीत ग्रुपबाहेरचं कोणी नसतं.

शिवाय २०१६ पासून मेसेज पाठवणाऱ्याच्या फोनवर कुलूपबंद होऊन निघतो आणि घेणाऱ्याच्याच फोनवर उघडतो. हेही पडताळता येतं: संपर्काच्या माहितीत 'एन्क्रिप्शन' उघडा आणि तिथला ६० आकडी क्रमांक दोघांच्या फोनवर सारखाच आहे का, ते बघा.

म्हणून काहीही लिहावं असं मात्र नाही. ग्रुपमधलाच कोणी स्क्रीनशॉट काढून तक्रार करू शकतो, आणि तपासात फोन उघडला गेला तर सगळं समोर येतं.

मला खरी काळजी वाटते ती या मेसेजने बसणाऱ्या धाकाची. "नको रे बाबा, आपलं नाव कशाला!" म्हणत काकू, आजोबा नळाला पाणी नाही हेसुद्धा लिहीत नाहीत. कारभारावर सभ्य शब्दांत टीका करण्याचं स्वातंत्र्य घटनेच्या कलम १९ने त्यांना दिलेलं आहे.