पेरिटोनियल डायलिसिसचे द्रावण

मूत्रपिंडे निकामी झाल्यावर पोटाच्या आतील पर्युदर या पटलातूनच रक्त शुद्ध करता येते. त्यासाठी नळीवाटे पोटात सोडायच्या आणि काही तासांनी काढून टाकायच्या निर्जंतुक द्रवाला पेरिटोनियल डायलिसिसचे द्रावण म्हणतात. मशीनवरच्या डायलिसिससाठी आठवड्यातून बहुधा तीनदा केंद्रावर जावे लागते. शहापूर-मुरबाडच्या गावांतून ठाणे-कल्याणला सतत ये-जा करणाऱ्यांना हे घरचे डायलिसिस मोठा आधार ठरू शकते. पण दर महिन्याला येणाऱ्या पिशव्यांत नेमके काय आहे, हे रुग्णाला समजावून सांगितलेच पाहिजे. पुढची बरीच वर्षे त्यावर अवलंबून असतात.

नेहमीच्या द्रावणात पाणी ओढून घेण्याचे काम साखर करते. दीड, अडीच आणि सव्वाचार टक्के डेक्स्ट्रोज अशा तीन ताकदींच्या, प्रौढांसाठी सहसा दोन लिटरच्या पिशव्या मिळतात. ताकद जास्त, तितके पाणी जास्त निघते. मात्र साखर रक्तातही उतरते, रोज साधारण १०० ते २०० ग्रॅम. वजन व मधुमेह वाढतो, आणि वर्षानुवर्षे कडक, म्हणजे जास्त ताकदीच्या, पिशव्या वापरल्यास पर्युदर जाड होऊन गाळणी बिघडते. म्हणून सूज आटोक्यात राहील एवढी कमीत कमी ताकद, हा साधा नियम. ठाणे-नवी मुंबईच्या कोळीवाड्यांत, आगरी घरांत तो सुकट, खारे बोंबील, लोणचे-पापड यांच्याशी थेट जोडलेला आहे: मीठ वाढले की तहान वाढते, अंगात पाणी साठते आणि कडक पिशवी लावावी लागते. डॉक्टरांनी पिशवी बदलण्याआधी ताटाची चौकशी करावी.

पण साखर कमी करण्याचा अट्टहासही घातक ठरतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इम्पेंडिया-ईडन चाचण्यांत मधुमेही रुग्णांना साखरेच्या आणि बिनसाखरेच्या द्रावणांचे मिश्र, कमी साखरेचे वेळापत्रक दिले. एचबीए१सी (सुमारे तीन महिन्यांची सरासरी रक्तशर्करा दाखवणारा आकडा) सुधारले, पण मृत्यू आणि गंभीर त्रास वाढले, आणि त्यांतले काही अंगात पाणी साठल्याचे होते.

जुन्या द्रावणाची आम्लता जास्त असते, आणि उष्णतेने निर्जंतुक करताना साखरेचे हानिकारक अपघटित पदार्थ तयार होतात. साखर वेगळ्या कप्प्यात ठेवणाऱ्या पिशव्यांत हे दोन्ही दोष कमी. अशा द्रावणाने निकामी मूत्रपिंडांतून अजून होणारी थोडी लघवी जास्त काळ टिकते, असे चाचण्या एकत्र पाहिल्यावर दिसते. आयुष्य वाढल्याचा स्पष्ट पुरावा मात्र नाही. तरी लघवीचे मोल मोठे आहे. कॅनडा-अमेरिकेतील कॅन्युसा अभ्यासाच्या २००१ च्या फेरविश्लेषणात रोजच्या दर २५० मिलिलिटर जास्त लघवीमागे मृत्यूचा सापेक्ष धोका ३६ टक्क्यांनी कमी आढळला. खर्च परवडत असेल आणि लघवी शिल्लक असेल, तर या पिशव्यांचा विचार आधी व्हावा.

याशिवाय साखरेऐवजी १.१ टक्के अमिनो आम्ले (प्रथिनांचे घटक) असलेले द्रावण आहे. त्याचा वापर मर्यादित आहे.

आयकोडेक्स्ट्रिन हा साडेसात टक्क्यांचा स्टार्चजन्य पर्याय. तो दिवसातून एकदा, पोटातल्या रात्रभर किंवा दिवसभराच्या लांब मुक्कामासाठी वापरतात. साखरेचे द्रावण तेवढा वेळ ठेवले तर पाणी उलट शरीरात शिरू लागते. आयकोडेक्स्ट्रिन मात्र पाणी सावकाश ओढत राहते. सूज न उतरणाऱ्यांना त्याचा चांगला उपयोग होतो. त्यातून रक्तात माल्टोज (एक वेगळी शर्करा) वाढते आणि काही ग्लुकोमीटर त्यालाच रक्तातली साखर (ग्लुकोज) समजून आकडा फुगवतात. त्या आकड्यावर इन्सुलिन घेतले तर साखर जीवघेणी खाली जाऊ शकते. मधुमेही रुग्णाने आपल्या मीटरची पट्टी माल्टोजला फसत नाही ना, हे पहिली पिशवी लावण्यापूर्वीच तपासून घ्यावे; द्रावण बंद केल्यावरही सुमारे दोन आठवडे ही खबरदारी लागते.