खुल्या ऑनलाइन कोर्सला नाव नोंदवताना: नुसतं शिकायचं की प्रमाणपत्रही हवं?

खुल्या कोर्सला प्रवेश परीक्षा नसते, मार्कशीटही सहसा कुणी मागत नाही. ईमेल आणि पासवर्ड दिला की झालं खातं. किमान वयाची अट मात्र असते. कोर्सच्या माहितीत ‘पूर्वतयारी’ म्हणून जे लिहिलेलं असतं ती बहुधा सूचना असते, अट नव्हे. कॅल्क्युलस येत नसलं तरी नाव नोंदवता येतं. दुसऱ्या आठवड्यात घाम फुटेल, तो भाग वेगळा.

खरा निर्णय नोंदणीचं बटण दाबल्यावर येतो. ‘ऑडिट’ म्हणजे नुसतं शिकणं. यात व्हिडिओ आणि वाचन काही ठिकाणी फुकट मिळतं, पण गुणांच्या चाचण्या बऱ्याचदा बंद असतात. एडएक्ससारख्या कोर्सच्या संकेतस्थळांवर या फुकट प्रवेशाला मुदतही असते. हा पर्याय अनेकदा पैसे भरण्याच्या ठसठशीत बटणाखाली बारीक अक्षरांत लपलेला असतो, तेव्हा घाई करू नका. आणि नुसतं शिकायला येणारे म्हणजे दुय्यम, असं अजिबात नाही. २००८ साली कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाच्या ज्या कोर्समुळे ‘मूक’ (MOOC, म्हणजे भरपूर लोकांसाठीचा खुला ऑनलाइन कोर्स) हा शब्द रूढ झाला, त्यात फी भरलेले विद्यार्थी जेमतेम २५ होते आणि फुकट आलेले २००० हून अधिक.

प्रमाणपत्र हवं असेल तर फी आली. बऱ्याच ठिकाणी सरकारी फोटो ओळखपत्रही लागतं आणि वेबकॅमवर चेहरा दाखवावा लागतो. खात्यात ‘राजू’ आणि ओळखपत्रावर ‘राजेंद्र’ असेल तर तिथेच गाडी अडते. नाव आधीच दुरुस्त करा.

फी झेपत नसेल तर कोर्सेरा या संकेतस्थळावर आर्थिक साहाय्याचा अर्ज आहे. शिक्षण, उत्पन्न आणि हा कोर्स का हवा, एवढं लिहायचं. उत्तराला पंधरवडा लागू शकतो, म्हणून सुरुवात करायच्या आधीच अर्ज टाका.

वेळेचं म्हणाल, तर स्वतःच्या गतीने करायच्या कोर्सेसमध्ये चुकलेल्या मुदती बहुधा पुढे सरकवता येतात. अडचण होते ती सहाध्यायींनी तपासायच्या असाइनमेंटची. फार उशिरा पोचलात तर तपासायला कुणी उरलेलं नसतं. शिवाय फी मासिक वर्गणीची असेल तर रेंगाळलेला प्रत्येक महिना खिशातून जातो. कोर्समधून नाव काढलं म्हणजे वर्गणी थांबली असं नसतं. ती खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन वेगळी रद्द करावी लागते.