नवा ही-मॅन, जुनी आठवण आणि रेटिंगचा घोळ

जुलै २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर 'मास्टर्स ऑफ द युनिव्हर्स: रेव्हेलेशन' या ही-मॅनच्या नव्या कार्टून सिरीजचे पहिले पाच भाग आले आणि रॉटन टोमॅटोज या रिव्ह्यूंच्या वेबसाइटवर समीक्षकांचा आकडा गेला ९० टक्क्यांच्या वर, प्रेक्षकांचा मात्र निम्म्याच्याही खाली. लगेच भांडण सुरू, कुणी म्हणे समीक्षक विकले गेलेत, कुणी म्हणे फॅन्सना काही कळत नाही. मला दोन्ही पटत नाही. फॅन्स नव्या सिरीजची तुलना ज्या जुन्या ही-मॅनशी करत होते तो त्यांच्या डोक्यातला ही-मॅन होता, टीव्हीवर तो तसा कधी लागलाच नव्हता.

जुनं कार्टून फिल्मेशन या अमेरिकन स्टुडिओचं, १९८३ ते ८५, तब्बल १३० भाग. एवढे भाग कमी खर्चात काढायचे म्हणून त्यांनी ठरावीक शॉट्सचा साठाच करून ठेवलेला, म्हणजे राजपुत्र ॲडम तलवार उंचावून महाबली ही-मॅन होतो तो सीन, त्याचं धावणं, बुक्की मारणं, तेच ते चित्रण भागामागून भाग यायचं, बरेचदा फक्त मागचा देखावा वेगळा. आज सलग दोन भाग लावा, लगेच जाणवेल.

मग हे आठवत का नाही? कारण मेंदू रेकॉर्डिंग ठेवत नाही, तो सार ठेवतो, सोबत भावना ठेवतो, आणि मधल्या गाळलेल्या जागा आठवताना स्वतःच भरतो. त्यात वाईट अनुभवांच्या भावना चांगल्यांपेक्षा लवकर फिक्या पडतात, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. २००० साली करीम नादेर, जोसेफ लेडू या मेंदूशास्त्रज्ञांनी आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर दाखवलं की पक्की झालेली भीतीची आठवणसुद्धा जागी केली की थोडा वेळ कच्ची होते आणि परत पक्की व्हायला मेंदूत नवी प्रोटीन्स बनावी लागतात. कार्टूनच्या आठवणीला हे जसंच्या तसं लावता येणार नाही, पण आठवण म्हणजे कुलूपबंद वस्तू नाही हे त्यातून नक्की कळतं.

नाराजीला कथेतलं कारणही होतं बरं का, नव्या सिरीजच्या पहिल्याच भागात ॲडम मरतो आणि गोष्ट त्याची योद्धा मैत्रीण टीला हिच्याकडे जाते. समीक्षकाला हे धाडसी वळण वाटू शकतं, पण ही-मॅनसाठीच आलेल्या माणसाला ते लागणारच, आणि त्याचं वाईट वाटणं खरंच आहे.

आता आकड्यांचं. टोमॅटोमीटर (रॉटन टोमॅटोजवरचा समीक्षकांचा आकडा) म्हणजे किती टक्के समीक्षकांचा रिव्ह्यू एकंदर बरा आहे एवढंच, सगळ्यांनी नुसतं 'ठीकठाक' म्हटलं तरी १०० येऊ शकतात. आणि प्रेक्षकांचा स्कोअर म्हणजे काही सर्व्हे नव्हे, ज्याला खूप आवडलं किंवा खूप राग आला तोच मुद्दाम जाऊन मत देतो, मधले गप्प बसतात. ही-मॅनच्याच दुनियेतून आलेली नायिका शी-रा, तिच्या २०१८ च्या नव्या सिरीजचं तर अजून पुढचं, सिरीज नोव्हेंबरमध्ये आली पण शी-राच्या दिसण्यावरून वाद जुलैमध्येच पेटला होता, नुसती चित्रं बघून. ही सिरीज ज्या लहान मुलांसाठी बनवली ती काही कुठे रेटिंग द्यायला जात नाहीत, त्यामुळे त्यांना ती कशी वाटली हे या आकड्यांत येतच नाही.