शेवटचा शब्द कोणाचा? बायबल, परंपरा आणि चर्चच्या अधिकाराच्या वादाची पार्श्वभूमी

साताऱ्यात किंवा मिरजेत प्रॉटेस्टंट मुलगी आणि कॅथलिक मुलगा असं लग्न जमलं, की पत्रिका छापायला टाकण्याआधी एक प्रश्न सोडवावा लागतो: परवानगी कोणाची? कॅथलिक बाजूला बिशपांच्या कचेरीतून परवानगी यावी लागते. १९८३ च्या कॅथलिक धर्मसंहितेचं कलम ११२४ तसं सांगतं. कलम ११२५ प्रमाणे कॅथलिक पक्षाने वचन द्यायचं असतं, की मी माझी श्रद्धा सोडणार नाही आणि मुलांना कॅथलिक चर्चमध्ये बाप्तिस्मा देऊन तसंच वाढवण्यासाठी मला शक्य ते सगळं करीन. प्रॉटेस्टंट मुलीला या वचनाची कल्पना दिली म्हणजे झालं, तिच्याकडून काही लिहून घ्यायचं नसतं. घराघरांत बिनसतं ते इथेच. १९१७ च्या जुन्या संहितेनुसार दोघांकडूनही वचन घेतलं जाई. पोप सहावे पॉल यांनी १९७० मध्ये ते बदललं, पण आजोबांच्या डोक्यात जुनाच नियम पक्का असतो.

मुलीचा पुन्हा बाप्तिस्मा करायचा नसतो, हेही अनेकांना ठाऊक नसतं. पाणी वापरलं असेल आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने तो दिला असेल, तर प्रॉटेस्टंट बाप्तिस्मा कॅथलिक चर्च ग्राह्य धरतं. म्हणून दाखला लागतो. मुलाचा दाखला मात्र घरातल्या ट्रंकेतला जुना चालत नाही; सहसा सहा महिन्यांच्या आत काढलेला मागतात, कारण कॅथलिक बाप्तिस्मा नोंदवहीत त्याच नोंदीसमोर लग्नाचीही नोंद होते. नवा उतारा काढला, की आधीचं लग्न झालेलं नाही हे त्यावरूनच कळतं.

एकाच बाप्तिस्म्याला दोघं मानतात, मग परवानगीच्या बाबतीत वाट वेगळी का? ‘प्रॉटेस्टंट बायबल मानतात, कॅथलिक परंपरा मानतात’ हे नेहमीचं उत्तर दोघांवरही अन्याय करणारं आहे. कॅथलिक मिस्सा म्हणजे मुख्य उपासना बायबलच्या वाचनांशिवाय होत नाही, आणि नायसियाचा विश्वासांगीकार, म्हणजे श्रद्धेचं ठरीव निवेदन, म्हणणारा प्रॉटेस्टंट चौथ्या शतकातली परंपराच उच्चारत असतो. भांडण आहे ते अर्थावरून मतभेद झाला की निकाल कोणी द्यायचा, यावरून.

प्रॉटेस्टंट चळवळ सुरू करणारा जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर, हा प्रश्न त्याच्याही आधीचा. १४०९ नंतर युरोपात एकाच वेळी तिघे जण पोपपदावर दावा सांगत होते. तो गुंता कॉन्स्टन्स इथे भरलेल्या चर्चच्या परिषदेने (१४१४–१८) सोडवला. पोपनेही परिषदेचं ऐकावं असा ठराव तिने केला आणि १४१७ मध्ये पाचवा मार्टिन हा एकच पोप निवडला. याच परिषदेने १४१५ मध्ये बोहेमियाचा सुधारक यान हुस याला पाखंडी ठरवून जाळलं. पोपपेक्षा परिषद मोठी, असं मानणारे बरेच होते. बायबलपुढे परिषदसुद्धा चुकू शकते, असं मात्र फार थोडे म्हणत.

ल्यूथरच्या तोंडून ते वदवून घेतलं पोपची बाजू लढवणाऱ्या योहान एक (Eck) या पंडिताने, १५१९ च्या उन्हाळ्यात लाइपझिगच्या जाहीर वादात. चर्चच्या इतिहासाच्या पुस्तकांत १५१७ च्या ९५ प्रबंधांना मान मिळतो, पण त्या प्रबंधांत पोपचा अधिकार मुळातून नाकारलेला नव्हता. खरा सांधा लाइपझिगचा. योहान एक हा कसलेला वादपटू होता. त्याने ल्यूथरला पोपच्या श्रेष्ठतेवरून हळूहळू मागे रेटत हुसपाशी आणलं: तू म्हणतोस तेच हुस म्हणत होता, मग कॉन्स्टन्सची परिषद चुकली म्हणतोस का? ल्यूथरने आधी टाळलं, मग कबूल केलं, की हुसच्या दोषी ठरवलेल्या विधानांत पुष्कळशी अगदी ख्रिस्ती आणि शुभवर्तमानाला धरून आहेत. परिषदाही चुकू शकतात, हे त्यातून आलंच. योहान एकच्या दृष्टीने वाद तिथेच जिंकला गेला. दोन वर्षांनी, १८ एप्रिल १५२१ रोजी वर्म्समध्ये सम्राटासमोर ल्यूथरने तीच भूमिका घेतली: शास्त्राने किंवा स्पष्ट युक्तिवादाने पटवा, नुसते पोप आणि परिषदा यांच्यावर माझा भरवसा नाही, कारण त्या अनेकदा चुकल्या आहेत.

बायबलमध्ये ग्रंथ किती, हा प्रश्नही लाइपझिगलाच पेटला. मृतांसाठी प्रार्थना करावी याला आधार म्हणून योहान एकने मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथाचा १२ वा अध्याय पुढे केला. ल्यूथर म्हणाला, हा ग्रंथ प्रमाणग्रंथांत नाही, वादात चालणार नाही. हे त्याने ऐनवेळी काढलेलं खुसपट नव्हतं. हिब्रू बायबलमध्ये नसलेले ग्रंथ वेगळे धरावेत असं बायबल लॅटिनमध्ये आणणारा जेरोम चौथ्या-पाचव्या शतकांच्या सांध्यावर म्हणत होता. त्याच काळात बिशप ऑगस्टीन आणि उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो (३९३) व कार्थेज (३९७) इथल्या सभा ते ग्रंथ आत धरत होत्या. म्हणजे दोन्ही बाजूंच्या पाठीशी जुनी माणसं होती. आज प्रॉटेस्टंट बायबलमध्ये जुन्या कराराचे ३९ आणि नव्याचे २७ मिळून ६६ ग्रंथ असतात, कॅथलिक बायबलमध्ये ४६ आणि २७ मिळून ७३. जास्तीचे सात म्हणजे टोबिट, जुडिथ, मक्काबींचे दोन, प्रज्ञाग्रंथ, सिराख आणि बारूख. शिवाय एस्तेर आणि दानीएल यांत काही भाग जास्त. नव्या कराराच्या २७ ग्रंथांवर दोघांचं एकमत. ती यादी जशीच्या तशी आपल्याला पहिल्यांदा दिसते ती अलेक्झांड्रियाच्या अथानेशियसच्या ३६७ सालच्या पत्रात, आणि इथे कॅथलिक हमखास विचारतात: यादी चर्चने दिली, मग चर्चशिवाय बायबल कसं? प्रॉटेस्टंटांचं उत्तर असं, की चर्चने ग्रंथ ओळखले, त्यांना अधिकार दिला नाही.

ल्यूथरने मात्र ते ग्रंथ फेकून दिले नाहीत. १५३४ च्या त्याच्या संपूर्ण जर्मन बायबलमध्ये ते दोन करारांच्या मध्ये वेगळे छापले होते: शास्त्राच्या बरोबरीचे नव्हेत, पण वाचायला उपयोगी आणि चांगले. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्येही ते होते. ते नाहीसे झाले मुख्यतः एकोणिसाव्या शतकात, जेव्हा ब्रिटिश बायबल सोसायटीने १८२६ मध्ये ठरवलं, की हे ग्रंथ छापायला आमचा पैसा जाणार नाही. नेमक्या त्याच काळात मराठी बायबल घडत होतं.

ट्रेंटच्या परिषदेने ८ एप्रिल १५४६ रोजी कॅथलिक बाजूचं उत्तर ठरवलं. सात ग्रंथांसह यादी पक्की झाली, आणि लिखित ग्रंथ व प्रेषितांकडून चालत आलेल्या अलिखित परंपरा सारख्याच भक्तीने आणि आदराने स्वीकाराव्यात असं जाहीर झालं. मसुद्यात सत्य ‘काही अंशी ग्रंथांत, काही अंशी परंपरांत’ आहे असे शब्द होते. त्यावर हरकती आल्या आणि शेवटी नुसतं ‘ग्रंथांत आणि परंपरांत’ एवढंच ठेवलं. परंपरेत बायबलबाहेरचं जास्तीचं काही आहे, की तेच सत्य दोन वाटांनी येतं, हे त्यामुळे मोकळंच राहिलं. कॅथलिक पंडित विसाव्या शतकातही त्यावर वाद घालत होते.

प्रॉटेस्टंटांची अडचण वेगळी निघाली. १५२९ मध्ये मारबुर्गला ल्यूथर आणि स्वित्झर्लंडचा सुधारक झ्विंग्ली समोरासमोर बसले. दोघांचा अधिकार एकच, बायबल. दोघांसमोर वाक्य एकच, शेवटच्या भोजनात येशूने भाकरीबद्दल म्हटलेलं ‘हे माझं शरीर आहे’. ल्यूथरने ते लॅटिनमध्ये खडूने टेबलावरच लिहून ठेवलं. झ्विंग्लीच्या मते ‘आहे’ म्हणजे ‘दर्शवतं’. पंधरापैकी चौदा मुद्द्यांवर एकमत झालं, या एकावर झालं नाही, आणि निकाल देणारा तिसरा कोणी नव्हता. कॅथलिकांना अजूनही हे उदाहरण सगळ्यांत आवडतं. न्यायाने सांगायचं तर पोप असतानाही कॉन्स्टन्सच्या आधी तिघांत भांडण होतंच.

वाईच्या पाठशाळांत मुरलेल्या वाचकाला प्रॉटेस्टंट भूमिका चटकन कळेल: श्रुती आणि स्मृती यांत विरोध आला तर श्रुतीच वरचढ. परंपरा, परिषदा, विश्वासांगीकार हे सगळं राहतं, पण शास्त्राच्या कसोटीवर. ही तुलना कॅथलिक बाजूला लावू नये. कॅथलिकांसाठी परंपरा ही दुय्यम स्मृती नव्हे. ग्रंथ आणि परंपरा दोन्ही एकाच झऱ्याचं पाणी.

वचनं फेकून मारण्याचा खेळ दोन्हीकडे चालतो. प्रॉटेस्टंट तीमथ्याला दुसरं पत्र ३:१६ काढतात, ‘प्रत्येक शास्त्रलेख देवप्रेरित’. पण आदल्याच वचनात तीमथ्याला लहानपणापासून माहीत असलेले पवित्र लेख म्हटलं आहे, आणि तो तर जुना करार. कॅथलिक थेस्सलनीकाकरांस दुसरं पत्र २:१५ काढतात, तोंडी किंवा पत्राने शिकवलेलं धरून राहा. पण तोंडी काय शिकवलं ते तिथे लिहिलेलं नाही. दोन्ही वचनं मुद्द्याला पुरी पडत नाहीत.

मराठीत हा फरक पुस्तकांच्या रूपातच उतरला. रोमच्या १५६४ च्या निर्बंधांनुसार लोकभाषेतलं बायबल वाचायला बिशप किंवा इन्क्विझिशनच्या (पाखंड तपासणाऱ्या धर्मन्यायालयाच्या) अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागे. त्यामुळे १६१६ मध्ये राचोलला छापलेलं फादर स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण हा बायबलचा अनुवाद नाही; नव्या ख्रिस्ती लोकांसाठी बायबलमधली कथा सुमारे अकरा हजार ओव्यांत, शिकवण आणि समजावणीसकट सांगितलेली आहे. प्रॉटेस्टंटांनी उलट टोक धरलं. सेरामपूरच्या विल्यम कॅरीकडून मत्तयाचं शुभवर्तमान १८०५ मध्ये आणि नवा करार १८११ मध्ये आला, अमेरिकन मिशनचा नवा करार १८२६ मध्ये आणि मुंबईत संपूर्ण बायबल १८४७ मध्ये. भाषा ओबडधोबड असली तरी चालेल, पण मूळ ग्रंथ वाचकाच्या हातात पडला पाहिजे, असा तो आग्रह.

सातारा भागात अमेरिकन मराठी मिशन १८४९ मध्ये आलं. ते काँग्रिगेशनल पंथाचं: पाळक कोण आणि सभासद कोण हे ज्या त्या गावची मंडळी ठरवणार, वर बिशप नाही. सांगलीत १८८४ पासून प्रेस्बिटेरियन मिशन होतं, डॉ. वॉनलेस त्याच मिशनमधून १८८९ मध्ये आले आणि मिरजेचं रुग्णालय १८९४ मध्ये उभं राहिलं. त्यांच्याकडे मंडळीने निवडलेल्या वडीलधाऱ्यांची सभा, तिच्यावर अनेक मंडळ्यांची प्रेस्बिटरी, तिच्यावर सिनड ही आणखी मोठी सभा, आणि खालच्या निर्णयावर वर दाद मागता येते. बायबल तेच ६६ ग्रंथांचं, पण कृष्णाकाठीच ‘निकाल कोणाचा’ याची दोन प्रॉटेस्टंट उत्तरं होती. त्यात १९१७ मध्ये ना. वा. टिळक मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला आले आणि त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या दोन्ही ख्रिस्तभक्तांसाठी. सभासदत्वाचा दाखला देणारी संस्थाच त्यांनी बाजूला सारली. १९१९ मध्ये ते वारले आणि दरबाराला मूळ धरायला वेळच मिळाला नाही.

कॅथलिकांची घडीही एकजिनसी नव्हती. पश्चिम भारतात गोव्याचे पोर्तुगीज अधिकारी आणि रोमने थेट नेमलेले धर्मप्रमुख यांच्यात दीर्घकाळ हद्दीचा तंटा होता. १८८६ च्या करारानंतर भारतात नियमित धर्मप्रांत आखले गेले, त्यात पुण्याचा धर्मप्रांत झाला. सातारा त्याच्याच हद्दीत. त्याआधी १८ जुलै १८७० रोजी पहिल्या व्हॅटिकन परिषदेने पोपच्या अचुकतेचा सिद्धांत मांडला होता, ५३३ विरुद्ध २ मतांनी. पोप बोलेल ते सगळं अचूक, असा त्याचा अर्थ नाही. विषय श्रद्धेचा किंवा नीतीचा हवा, पोपने सर्व ख्रिस्ती लोकांचा गुरू या नात्याने बोललं पाहिजे, आणि ते साऱ्या चर्चवर बंधनकारक म्हणून ठरवलं पाहिजे. १८७० नंतर असं निःसंशयपणे एकदाच झालं: १ नोव्हेंबर १९५० रोजी, मरियेच्या स्वर्गोन्नयनाबद्दल, म्हणजे ती सदेह स्वर्गात घेतली गेली याबद्दल. प्रॉटेस्टंटांना त्यात बायबलचा आधार दिसत नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १८ नोव्हेंबर १९६५ रोजी ग्रंथ आणि परंपरा हा एकच ठेवा आहे असं म्हटलं. अर्थ लावणारा अधिकार देवाच्या वचनाच्या वर नाही, त्याचा सेवक आहे, आणि बायबल सर्व श्रद्धावंतांना सहज मिळालं पाहिजे, हेही सांगितलं. १९६८ मध्ये बायबल सोसायट्या आणि रोम यांनी एकत्रित अनुवादाचे नियम ठरवले. वादाचे सात ग्रंथ छापायचे तर ते दोन करारांच्या मध्ये वेगळ्या विभागात घ्यावेत, अशी तोड त्यात आहे. ल्यूथरची १५३४ ची मांडणी अशी परत आली. इकडे काँग्रिगेशनल आणि प्रेस्बिटेरियन मंडळ्या १९२४ मध्ये एक झाल्या आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाल्या. त्यामुळे बिशप नको म्हणणाऱ्या मिशनच्या वारसांना आज बिशप आहे. फरक इतकाच, की तो निवडून येतो आणि सिनडला बांधलेला असतो.

दरवर्षी १८ ते २५ जानेवारीला ख्रिस्ती ऐक्याचा प्रार्थना सप्ताह असतो. एकत्र सभा ठेवणाऱ्यांनी पाठ ६६ ग्रंथांतूनच निवडावेत. स्तोत्राचा क्रमांक नव्या पद्धतीने द्यावा, नाहीतर जुन्या लॅटिन क्रमाच्या पुस्तकात २३ वं स्तोत्र २२ वं निघतं. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ कुठे थांबवायची हेही आधी ठरवावं. कॅथलिक ‘वाइटापासून सोडव’ला थांबतात; प्रॉटेस्टंट पुढे राज्य, पराक्रम आणि गौरवाची ओळ म्हणतात. ती ओळ मत्तयाच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाही. ती उपासनेतल्या वापरातून मजकुरात आली असावी, असं बहुतेक अभ्यासक मानतात. इथे परंपरेची ओळ प्रॉटेस्टंट धरून आहेत, आणि जुन्या हस्तलिखिताशी जुळणारा पाठ कॅथलिकांच्या तोंडी आहे.