यंत्रमानव, माणूस आणि कायद्यातील ‘व्यक्ती’

यंत्रमानव खऱ्या अर्थाने माणूस होऊ शकेल का, हा प्रश्न तत्त्वज्ञांना जुनाच आहे. संसदेत आणि न्यायालयात तो प्रामुख्याने गेल्या दशकभरात आला, आणि तोही निराळ्या रूपात: यंत्राला ‘व्यक्ती’ मानावे का? हे दोन प्रश्न सर्रास एकच समजले जातात. मराठीत तसे होणे विशेष सोपे आहे, कारण ‘चार व्यक्ती आल्या होत्या’ असे म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर चार माणसेच येतात. कायद्याच्या भाषेत मात्र कंपनी ही व्यक्ती असते, संस्था व्यक्ती असते आणि आपल्या देशात देवही व्यक्ती असतो.

शब्दांचा हा गुंता नावापासूनच सुरू होतो. ‘रोबो’ हा शब्द १९२० च्या एका चेक नाटकातून जगभर गेला. त्याचे मूळ ‘रोबोता’ या चेक शब्दात असून त्याला मराठीत ‘वेठ’ हा अगदी नेमका शब्द आहे. त्या नाटकातील रोबो धातूचे नव्हते, ते कृत्रिम मांसाचे होते, आणि शेवटी त्यांच्यातील एक जोडपे एकमेकांसाठी जीव द्यायला तयार होते. म्हणजे राबणारे यंत्र माणूस होईल का, ही शंका शब्दाच्या जन्मापासूनच त्याच्या सोबत आहे. मराठीने वेठीचा भाग सोडून दिला आणि ‘यंत्रमानव’ असा शब्द घडवला. त्यामुळे चाकणच्या वाहन कारखान्यात वेल्डिंग करणारा, डोके नसलेला आणि जमिनीला बोल्टने जखडलेला पोलादी हातही आपल्याकडे मानवच म्हणवला जातो. प्रश्न विचारण्याआधीच अर्धे उत्तर देऊन टाकणारा हा शब्द आहे.

तत्त्वज्ञानातील वादाचे दोनच टप्पे येथे पुरेसे आहेत. १९५० मध्ये एका ब्रिटिश गणितज्ञाने ‘यंत्र विचार करू शकते का’ हा प्रश्न निरर्थक ठरवून बाजूला ठेवला आणि त्याच्या जागी संभाषणाची कसोटी सुचवली. १९६४ मध्ये एका अमेरिकी तत्त्वज्ञाने असे मांडले की, यंत्रमानवाला जाणीव आहे का, याचे उत्तर शोध लावून सापडणार नाही. त्याला आपल्यात घ्यायचे की नाही, हा निर्णय आपल्यालाच करावा लागेल. पुढची सगळी कायदेशीर चर्चा नकळत या दुसऱ्या वाटेने गेली आहे.

व्यक्तित्व देण्याचा निर्णय भारतीय कायद्याला नवा नाही. कायद्यांतील शब्दांचे अर्थ ठरवणाऱ्या १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमात ‘व्यक्ती’ या शब्दात कंपनी आणि मंडळी यांचा समावेश आहे. त्याच सुमारास मुंबईच्या उच्च न्यायालयाने डाकोरच्या देवस्थानाच्या प्रकरणात देवाचे कायदेशीर अस्तित्व मान्य केले आणि १९२५ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे भारतासाठी तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, मूर्तीला विधिक व्यक्ती म्हणून स्पष्ट मान्यता दिली. महाराष्ट्रात यासाठी निकालपत्रे वाचावी लागत नाहीत. देवस्थान इनामाच्या जमिनीचा सातबारा पाहिला की धारक म्हणून गावच्या देवाचे नाव दिसते आणि त्याच उताऱ्यावर वहिवाटदाराचे, म्हणजे देवाच्या वतीने जमीन सांभाळणाऱ्या माणसाचे, नाव आढळते. न्यायालये देवाला अल्पवयीन मुलासारखे मानतात. हक्क देवाचा असतो, पण अर्ज करणे, खंड घेणे, वाद चालवणे आणि चुकल्यास जाब देणे हे सारे हाडामांसाच्या माणसाला करावे लागते. वहिवाटदाराच्या या दुसऱ्या नावाचे महत्त्व पुढे कळते.

युरोपीय संघाच्या संसदेने १६ फेब्रुवारी २०१७ रोजी यंत्रमानवांसंबंधीच्या दिवाणी नियमांवर ठराव केला. ठरावाच्या बाजूने ३९६, विरोधात १२३ मते पडली आणि ८५ सदस्य तटस्थ राहिले. परिच्छेद ५९ मध्ये, स्वयंचलित यंत्रामुळे नुकसान झाल्यास भरपाई कशी मिळावी, यासाठी तपासून पाहण्याजोगे सहा पर्याय दिले होते: सक्तीचा विमा, भरपाईचा निधी, नोंदणी क्रमांक वगैरे. सहावा आणि शेवटचा पर्याय असा होता की, दीर्घकाळात निदान अत्यंत प्रगत अशा स्वायत्त यंत्रमानवांना, त्यांनी केलेले नुकसान भरून देण्यास जबाबदार अशा ‘इलेक्ट्रॉनिक व्यक्ती’चा दर्जा देता येईल. ‘दीर्घकाळात’, ‘निदान’, ‘देता येईल’ या शब्दांनी हे वाक्य सर्व बाजूंनी बांधलेले होते, आणि मुळात ठराव बंधनकारक नव्हता. तरीही पुढची दोन वर्षे चर्चा जवळजवळ ‘इलेक्ट्रॉनिक व्यक्ती’ या दोन शब्दांवरच झाली. विमा आणि निधी मागे पडले आणि युरोप यंत्रांना माणसाचे हक्क देणार, असा समज पसरला.

हा समज चुकीचा होता, पण विरोध चुकीचा नव्हता, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. एप्रिल २०१८ मध्ये दीडशेहून अधिक तज्ज्ञांनी खुले पत्र लिहून या कल्पनेला हरकत घेतली. नैसर्गिक व्यक्तीच्या धर्तीवर दर्जा दिला तर प्रतिष्ठा, मोबदला, नागरिकत्व असे मानवी हक्कही यंत्राकडे जातील, हा त्यांचा पहिला मुद्दा होता. दुसरा अधिक मूलगामी होता: कंपनीच्या धर्तीवर दर्जा द्यायचा, तर कंपनीच्या मागे तिला चालवणारी माणसे असतात, विश्वस्त निधीच्या मागे विश्वस्त असतो, यंत्र स्वतःच्या निर्णयाने वागते असे म्हणायचे असेल, तर त्याच्या मागे कोण? आपल्याकडे ‘देव व्यक्ती होऊ शकतो, मग यंत्र का नाही’ असा युक्तिवाद केला जातो, तेव्हा सातबाऱ्यावरील वहिवाटदार विसरला जातो. यंत्राला स्वतंत्र व्यक्ती करून त्याच्या नावावर थोडे पैसे ठेवले आणि बनवणाऱ्याने हात झटकले, तर अपघातग्रस्त माणसाने दाद कोणाकडे मागायची? १९७९ मध्ये मिशिगनमधील एका ओतशाळेत यंत्रमानवाच्या हाताचा तडाखा बसून कामगाराचा मृत्यू झाला, तेव्हा ज्युरीने एक कोटी डॉलरची भरपाई यंत्र बनवणाऱ्या कंपनीवर बसवली होती. ‘इलेक्ट्रॉनिक व्यक्ती’ या कल्पनेत हा सरळ रस्ता बुजण्याची शक्यता होती.

युरोपीय संसदेचा ठराव झाला त्याच वर्षी भारतातही याच प्रश्नाची दुसरी बाजू पुढे आली. मार्च २०१७ मध्ये उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने गंगा आणि यमुना यांना व्यक्ती घोषित केले आणि काही सरकारी अधिकाऱ्यांना त्यांचे पालक नेमले. पूर आला तर नुकसानीचा दावा पालकांवर लावायचा का, असा प्रश्न राज्य सरकारने विचारला आणि जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णयाला स्थगिती दिली.

ऑक्टोबर २०१७ मध्ये सौदी अरेबियाने स्त्रीचा चेहरा असलेल्या एका यंत्रमानवाला नागरिकत्व जाहीर केले. डिसेंबरअखेर तेच यंत्र साडी नेसवून मुंबईत पवईच्या आयआयटीतील तंत्रमहोत्सवात आणले गेले आणि ते ऐकायला विद्यार्थ्यांची गर्दी लोटली. प्रसिद्धीच्या दृष्टीने हा प्रसंग मोठा ठरला असला, तरी कायद्याच्या दृष्टीने तो पोकळ होता. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्येच सांगितले आहे की कंपनी व्यक्ती असली तरी नागरिक नाही, आणि नागरिकांसाठीचे मूलभूत हक्क तिला मागता येत नाहीत. नागरिकत्व हे व्यक्तित्वाच्या पुढचे पाऊल आहे. रियाधमध्ये पहिली पायरी न ठरवताच दुसरी चढल्याचे जाहीर झाले, तेही जेथे स्त्रियांना मोटार चालवण्याचा परवाना अजून मिळायचा होता.

त्यानंतरची दिशा बरीचशी एका बाजूची आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये युरोपीय संसदेनेच नव्या ठरावात म्हटले की, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालींना कायदेशीर व्यक्तित्वही नाही आणि मानवी विवेकही नाही. अमेरिकेतील आयडाहो राज्याने २०२२ मध्ये पर्यावरणातील घटक, मनुष्येतर प्राणी, निर्जीव वस्तू आणि कृत्रिम बुद्धिमत्ता या सर्वांना एकाच कलमात व्यक्तित्व नाकारले. डिसेंबर २०२३ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने पेटंटसाठी संशोधक हा माणूसच असला पाहिजे, असा निकाल दिला. यंत्राला जाणीव आहे की नाही, याचा निवाडा यांपैकी कोणीही पुराव्यानिशी केलेला नाही. १९६४ मध्ये त्या अमेरिकी तत्त्वज्ञाने म्हटल्याप्रमाणे हे सारे निर्णय आहेत. २०२४ मध्ये युरोपीय संघाने उत्पादनांच्या सदोषतेबाबतचा निर्देश बदलून सॉफ्टवेअरला स्पष्टपणे ‘उत्पादन’ म्हटले, आणि ९ डिसेंबर २०२६ नंतर बाजारात येणाऱ्या वस्तूंना तो लागू होईल. ज्या प्रगत यंत्रांना २०१७ मध्ये व्यक्ती म्हणण्याचा विचार होता, त्यांच्यामुळे होणाऱ्या नुकसानीचा हिशेब आता मिक्सर किंवा मोटारीच्या ब्रेकच्या रांगेत, बनवणाऱ्याच्या नावावर मांडला जाणार आहे.