मान धरली तरी चावणारा साप

साप पकडायचा तर मानेला, डोक्याच्या अगदी मागे धरायचा हे जगभर सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं, पण दक्षिण आफ्रिकेतला स्टिलेटो साप असा धरला तर हमखास चावतो, आणि तेही तोंड न उघडता. शास्त्रीय नाव अॅट्रॅक्टॅस्पिस बिब्रोनी. दिसायला अगदी साधा, काळपट तपकिरी, चकचकीत, बहुतेक वेळा फूट-दीड फूट लांब, डोळे बारीक, मान वेगळी अशी दिसतच नाही. त्यामुळे तिकडे लोक बिनविषारी समजून उचलतात आणि बोटाला चावून घेतात.

खरी कमाल याच्या दातांची आहे. विषाचे दात डोक्याच्या मानाने खूप लांब, आणि बंद तोंडाच्या कडेने एका बाजूचा दात बाहेर काढता येतो, मग डोक्याला खाली-मागे असा झटका देऊन तो खुपसायचा, सुरा भोसकतात तसा. हे असं का, तर हा राहतो जमिनीखाली, उंदरांची पिल्लं, सापसुरळ्या असलं काही बिळातच गाठून खातो, आणि तिथे जबडा उघडून झेप घ्यायला जागाच नसते. म्हणून हा भक्ष्याला घासून पुढे सरकतो आणि जाता जाता बाजूने दात मारतो. डिवचला तर मानेची कमान करून नाक जमिनीकडे टेकवतो, ही खूण मला फार महत्त्वाची वाटते.

पावसानंतरच्या उबदार रात्री हा वर येतो आणि अनवाणी चालणाऱ्यांना चावतो. जीव सहसा जात नाही, पण प्रचंड दुखतं, सूज येते, मांस सडतं, कधी बोटाचा तुकडा जातो. दक्षिण आफ्रिकेत बनणारं अनेक सापांवर चालणारं प्रतिविष यावर चालत नाही, म्हणजे फक्त वेदना आणि जखम सांभाळायची. दात लागलेली जागा कापणं, चोखणं अजिबात नको.

याचा एक भाऊबंद इस्रायल-जॉर्डनकडे सापडतो, त्याचं विष मात्र जीवघेणं ठरू शकतं. त्यात साराफोटॉक्सिन नावाचे घटक मिळाले, आणि 1988 मध्ये जपानी संशोधकांनी एंडोथेलिन शोधलं तेव्हा लक्षात आलं की दोन्हींची रचना जवळपास सारखी, दोन्हींत 21 अमिनो आम्लं. एंडोथेलिन आपल्याच रक्तवाहिन्यांच्या आतल्या थरात तयार होतं, वाहिन्या आवळायचं काम करतं. सापाचं विषही तेच करतं, हृदयाच्या वाहिन्यासुद्धा आवळतं.